अंगणाचं पाणी

चंदीगडला बदली झाली तेव्हा नातेवाइकांचे फोनवर फोन आले. रुंद रस्ते, झाडी, स्वच्छता, तुमची मजा आहे बाई. मीही हो हो म्हटलं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, दर तीन-चार वर्षांनी गाशा गुंडाळायची मला सवय. कुठल्याही गावाचं कौतुक मी सामान उतरवून होईपर्यंतच ऐकते. गावाचं खरं रूप मोरीत कळतं. इथे ते कळायला एक पावसाळा जावा लागला.

आम्हाला तळमजल्याचं क्वार्टर मिळालं. सहा घरांची ओळ, त्यात आमचं शेवटचं, उताराच्या टोकाला. तळमजला मीच मागून घेतला होता, कारण सासूबाई आमच्याजवळ. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, जिना चढायचा प्रश्नच नव्हता. घराच्या मागे चार भिंतींचं छोटं अंगण होतं. आधीच्या कोणीतरी तिथे फरशीवर फरशी घालून ठेवली होती, त्यामुळे अंगण वर आणि बाथरूम त्याच्यापेक्षा चार बोटं खाली. पावसाचं पाणी जायची जाळी त्या फरशीखाली केव्हाच गडप झालेली. सरकारी घरात असंच चालतं. जो येतो तो आपल्या तीन वर्षांपुरती सोय करतो आणि जातो, निस्तरायला पुढचा आहेच.

मी सांगलीची. पाण्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये, असं मला वाटायचं. आमच्याकडे नदी घरात येते, पण सांगून येते. आज घाटाला लागली, उद्या देवळाला, परवा आपल्या गल्लीत. तेवढ्यात माणसं धान्य माळ्यावर टाकतात, गॅस सिलिंडर वर चढवतात, म्हातारी माणसं लेकीकडे पोहोचवतात. आणि गल्लीत गटार एकच. मोरीचं पाणी त्यात, छपराचं त्यात, धुण्याचंही त्यातच. पाणी ते पाणी. इथे मैल्याची वाहिनी निराळी आणि पावसाळी गटार निराळं, असं दोन चुलींचं घर आहे, हे मला माहीतच नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात अंगणात पाणी तुंबायला लागलं. गच्चीचा पाइप अंगणात सुटतो आणि ते पाणी जायला वाट नाही. दोन दिवसांनी पाणी ओसरलं तरी शेवाळाचा थर राहिला. सासूबाई वाळत घातलेला आपला टॉवेल आणायला म्हणून गेल्या आणि घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन, सळई, महिनाभर अंथरूण, मग वॉकर. मी त्यांना हजार वेळा सांगितलं होतं, आई, अंगणात जाऊ नका, मी आहे ना. टॉवेल मी आत आणून ठेवायला हवा होता, हे मात्र कोणी मला सांगितलं नाही. सांगायची कोणाची टाप नव्हती.

त्यांना हिंडता-फिरता यायला लागलं तसा मी मिस्त्री बोलावला. हे पाणी अंगणातून गेलं पाहिजे, आजच्या आज. तो उकिडवा बसला, फरशी ठोकून बघितली आणि म्हणाला, पावसाचा जुना पाइप शोधावा लागेल, फरशी उखडावी लागेल, दोन-तीन दिवस जातील. तीन दिवस घरात धूळ, आणि दारात वॉकरवाल्या सासूबाई. मी म्हटलं, तीन दिवस कशाला? हे चेंबर इथेच आहे, दे त्यात सोडून. तो म्हणाला, "ये तो सीवर का है जी." मी म्हटलं, मैल्याचं तर मैल्याचं, पाणीच आहे ना, जाईल कुठेतरी. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चेंबरकडे, आणि निमूटपणे कामाला लागला. संध्याकाळपर्यंत नवी जाळी बसली, तिच्याखालून पाइप थेट चेंबरात. बादलीभर पाणी ओतून बघितलं, गटागट गेलं. नवऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात दाखवलं. तो म्हणाला, छान. तो सगळ्यालाच छान म्हणतो.

पुढच्या पावसाळ्यात बाथरूमची मोरी उलटी वाहायला लागली. आधी थोडा वास, मग जाळीतून बुडबुडे, मग काळं पाणी. मोठी सर आली की यायचं, पाऊस थांबला की तासाभरात उतरायचं. जुनी गटारं, काय करणार, असं ओळीतले सगळेच म्हणत. शहर वसलं तेव्हाचे पाइप, आणि पाऊस तर पूर्वी आठवडाभर पडायचा तेवढा आता एका दुपारी पडतो, असं इथले जुने लोक सांगतात. मी फिनेल ओतायची, घासायची, परत ओतायची. हात फिनेलच्या वासाने भरलेले, त्याच हातांनी कणीक मळायची. फार कंटाळले होते मी.

त्यातल्याच एका दुपारची गोष्ट. नवरा डेराबस्सीला कारखान्यांच्या तपासणीला गेलेला. पाऊस असा, की समोरची भिंत दिसेना. सासूबाई म्हणाल्या, जाऊन येते. मी त्यांना बाथरूमपर्यंत सोडलं, दार लोटून घेतलं आणि अंगणात गेले. जाळी एवढं पाणी एकदम घेत नव्हती, पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं होतं. मी वायपर घेतला आणि पाणी जाळीकडे ढकलायला लागले. जीव खाऊन ढकलत होते. दम लागला की थांबायचं, परत ढकलायचं. अंगावर पाणी, कानावर पाणी, दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. उंबरा वाचला तेव्हा मी आत आले, टॉवेल घ्यायला.

बाथरूमच्या दाराखालून काळं पाणी पॅसेजमध्ये आलेलं. दार ढकललं. सासूबाई वॉकर घट्ट धरून उभ्या होत्या, पाणी घोट्याच्या वर, गाऊनची कड त्यात. कमोडवरून त्या एकट्याच कशा उठल्या असतील, मला अजून कळत नाही. ओरडून ओरडून आवाज बसला होता. मी त्यांना धरून बाहेर काढलं, खाटेवर बसवलं, पाणी तापवलं, परातीत पाय ठेवून साबणाने तीनदा धुतले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ही बाई आयुष्यभर आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ गेली नाही. मला फक्त म्हणाल्या, "अजून एकदा धू."

त्यानंतर त्यांनी पाणी सोडलं. मला हे कळायला वेळ लागला. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, आभाळ आलंय का गं? आलंय म्हटलं की चहा नको. ताक नको. जेवताना घोटभर पाणी, तेही गोळ्यांपुरतं. मला वाटलं, वय झालं, तहान कमी झाली असेल. मग एकदा सकाळी भरून ठेवलेला त्यांचा पेला संध्याकाळी तसाच उचलला आणि डोक्यात प्रकाश पडला. पाऊस असेपर्यंत आत जावं लागू नये म्हणून ही बाई दिवस दिवस कोरडी राहत होती.

मी समजावलं, रागावले, कमोडची खुर्ची आणून खाटेजवळ ठेवली. खाटेजवळ त्या बसेनात. मी काय आजारी आहे का, म्हणाल्या. शेवटी ताप आला, लघवीला जळजळ, मग हॉस्पिटल. डॉक्टर माझ्यावर डाफरला, माताजींना पाणी पाजत जा, मूत्रपिंडावर आलंय, पुन्हा असं झालं तर कठीण आहे. घरी सोडताना त्याने परत बजावलं. आणि पावसाळा अजून दीड महिना बाकी होता.

तेव्हापासून मी भांडायलाच उठले. तक्रारी केल्या, फोन केले, ज्याने फोन उचलला त्याला सुनावलं. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या आंटींशी भांडले. त्यांनी मागचं अंगण पत्र्याने झाकून तिथे वॉशिंग मशीन ठेवलं होतं. माझं पक्कं झालं, की हिच्याच घराचं पाणी आमच्याकडे येतंय. ही वर, आम्ही खाली. सगळ्या ओळीसमोर तिला म्हटलं, तुमच्या घाणीत माझी सासू उभी होती. त्या बाई मशीन बंद करून आत गेल्या. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर रोज दुपारी याच येऊन बसायच्या, पंजाबीत बोलायच्या, सासूबाई मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं चांगलं जमायचं. माझ्या भांडणानंतर त्या यायच्या बंद झाल्या. सासूबाईंनी दोनदा विचारलं, ती का येत नाही गं? मी म्हटलं, कामात असेल.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या भागातली गटारं बदलायचं काम निघालं. सगळीकडे खणलेलं, हिरव्या जाळ्या, रस्त्याकडेला माणूस वाकून आत जाईल एवढाले पाइप. आमच्या मागच्या गल्लीत यायच्या आधी त्यांनी कागद वाटले. तपासणीसाठी गटारात धूर सोडणार, तो अपायकारक नाही, घरात आला तर घाबरू नका. कुठून कुठून धूर निघतो ते बघून पावसाचं पाणी कोणी मैल्याच्या वाहिनीत सोडलंय ते शोधणार होते. मी तो कागद वाचून खूश झाले. म्हटलं, आता आंटींच्या घरातून ढग निघणार आणि मी दारात उभी राहून बघणार.

सकाळी माणसं आली. त्यांच्याबरोबर वही घेतलेला एक मध्यमवयीन सरदारजी इंजिनिअर, शांत स्वभावाचा. गल्लीतल्या मॅनहोलवर त्यांनी पंख्याचं यंत्र बसवलं आणि धूर सोडला. मी सासूबाईंना स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं, तेवढीच करमणूक. आणि आमच्याच अंगणातल्या जाळीतून पांढरा धूर वर आला. आधी बारीक, मग भसाभसा. अंगण भरलं. मी तिथेच उभी, हातात चहाचा कप. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "दार लोट गं, खोकला येतो."

इंजिनिअर आत आला, जाळीपाशी बसला, वहीत लिहिलं. "मॅडम जी, ये बारिश वाला पाइप सीवर में डाला हुआ है." आवाजात राग नाही, काही नाही. मी म्हटलं, पण शेजारच्यांचं बघा ना. तो म्हणाला, त्यांच्याकडे काही निघालं नाही, त्यांचं पावसाचं पाणी बरोबर पावसाळी गटारात जातं. ओळीत तुमचं आणि पहिलं, अशी दोनच घरं. मग त्याने मला नीट समजावलं. तुमच्या घरापुढची वाहिनी मुळांनी आणि गाळाने अर्धी बुजलीय, ते आमचं काम, आम्ही बदलतोय. पण त्या अर्ध्या वाटेने घरचं सांडपाणी कसंबसं जायचं. तिच्यात गच्चीचं आणि अंगणाचं पाणी घातलं की ते पुढे जात नाही, मागे फिरतं, आणि जिथे सगळ्यात खोल जागा मिळेल तिथून वर येतं. म्हणजे तुमचं बाथरूम.

तो गेला. मी कप ओट्यावर ठेवला. मला ती दुपार आठवत होती, वायपर घेतलेली. मी जे पाणी जीव खाऊन जाळीत ढकलत होते तेच दहा पावलांवर आईंच्या पायाशी चढत होतं. मी जेवढं जोरात ढकललं तेवढं ते वर गेलं असणार. सासूबाई खुर्चीवर तशाच बसल्या होत्या. हिंदी त्यांना थोडंफार कळतं, पण त्यांना किती समजलं हे विचारायचा धीर मला झाला नाही. मी म्हटलं, चला आई, आत चला, धूर आहे.

मग मी काय केलं? सगळं केलं, ते एक सोडून. आंटींकडे शिरा घेऊन गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, कोई नी, म्हणजे असू दे, आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवसापासून परत येऊन बसायला लागल्या. मिस्त्री बोलावला, दुसरा, कारण पहिल्याला तोंड दाखवायची लाज वाटली. फरशीचे तीन थर उखडल्यावर पावसाची जुनी जाळी सापडली, सुकी पानं आणि एक साबणाची डबी तोंडात धरून. ती मोकळी केली, चेंबरातला पाइप बंद केला. अंगण खाली आलं, बाथरूमच्याही खाली. गल्लीत त्यांनी नवी वाहिनी टाकली, माती लोटली, वर डांबर ओतलं. आणि या सगळ्या दीड महिन्यात सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, की आता सगळं दुरुस्त झालंय. कोणामुळे बिघडलं होतं ते सांगितलं नाही. दर रात्री ठरवायची, उद्या सांगू. सकाळी दूध, भाजी, गोळ्या, आणि राहून जायचं. खरं तर राहून जात नव्हतं, मी टाळत होते.

मोठा पाऊस आला तो एका दुपारी, तशाच दुपारी. नवरा ऑफिसात. मी बाथरूमच्या दारात स्टूल घेऊन बसले आणि मोरीच्या जाळीवर नजर लावली. अर्धा तास, पाऊण तास. जाळी कोरडी ठणठणीत. अंगणातलं पाणी आपलं आपण जात होतं, वायपरला हात लावावा लागला नाही. मी सासूबाईंना वॉकरवर घेऊन आले आणि दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, पायाने फरशी चाचपली. "हो गं, कोरडं आहे. बरं झालं," म्हणाल्या.

मी त्यांना खाटेवर बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. सकाळपासून आभाळ होतं म्हणून त्यांनी काही घेतलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. नको.

माझा तोल गेला. आता काय नको? दीड महिना घर खणलं, गल्ली खणली, डोळ्यांनी बघितलंत ना कोरडं आहे ते? डॉक्टर काय म्हणाला विसरलात? मूत्रपिंडं गेल्यावर मी काय करू? माझा आवाज बाहेर आंटींपर्यंत गेला असेल. आणि ओरडता ओरडताच माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. आई, ते पाणी माझ्यामुळे आलं होतं. मी मिस्त्रीला चेंबरात पाइप सोडायला लावला. मी ढकलत होते ते पाणी तुमच्याकडे येत होतं. पेला हातातच.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

धुरावरून कळलं का, मी विचारलं.

"नाही गं. त्याच दिवशी. मला आत, अंगणाकडच्या भिंतीतून वायपरचा आवाज येत होता. तो चालला की पाणी चढायचं, तू थांबलीस की थांबायचं. चार-पाच वेळा झाल्यावर कळतंच की. म्हणून तर मी ओरडत होते."

मी खाटेच्या कडेला बसले. एक वर्ष. गेला पावसाळा आणि आता हा, या बाईने तहान मारली, हॉस्पिटलात नळ्या लावून घेतल्या. एवढं सगळं माहीत असताना. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? एका शब्दाने सांगितलं असतंत तर दुसऱ्या दिवशी पाइप काढला असता मी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमून बघितलं.

"काढला असतास का? तू त्या शेजारणीशी भांडत होतीस. फोनवर भांडत होतीस. मी पडले तेव्हाही मलाच बोललीस. माझ्यासाठीच करतेस ते दिसत होतं मला. पण तुझं चुकलंय हे तुला सांगायचं म्हणजे, अगं, त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं होतं."

मला रडू आलं, तेही आवाज न करता. बाहेर पाऊस चालूच होता. थोड्या वेळाने त्यांनीच हात पुढे केला, माझ्या हातातून पेला घेतला आणि हळूहळू, मध्ये थांबत, सगळा संपवला. अजून आण म्हणाल्या. मी आणला, तोही प्यायल्या.

तासाभराने त्यांनी वॉकर जवळ ओढला. मी त्यांना बाथरूममध्ये नेलं, बसवलं, दार लोटून घेतलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलेलं आठवलं, तरी हलले नाही. आतून त्यांनी विचारलं, "आहेस का?" मी म्हटलं, आहे. थोड्या वेळाने परत विचारलं. मी परत म्हटलं, आहे आई, इथेच आहे.